सातव्या दाराबद्दल कोणी काही लिहिलंय का?

५ मार्च

ठमे,

आत्याचं पत्र मिळालं, म्हणजे तुझंच. अक्षर तिचं, तोरा तुझा. फोन करायचा नाही, भेटायला यायचं नाही, दादाचा आवाज नको. पत्र चालेल, पण त्यात फक्त खेळाबद्दल लोक काय म्हणतात तेवढंच लिहायचं. आठ महिन्यांनी सख्ख्या भावाची आठवण झाली ती अशी. डोळ्यावर पट्टी बांधून पालथी पडली आहेस आणि अटी मात्र महाराणीच्या!

डोळ्यातला सुटलेला पडदा डॉक्टरांनी चिकटवलाय म्हणे, आत वायूचा बुडबुडा सोडलाय, आणि सहा आठवडे तुला ना स्क्रीन बघायचा ना कागद. दुसरा डोळा तर लहानपणापासून नावालाच. तीन वर्षं तो कॉम्प्युटरचा खेळ बनवण्यापायी रात्रंदिवस डोळे ताणलेस आणि खेळ बाहेर पडला त्याच आठवड्यात डोळ्याने दगा दिला. लोकांची मतं आत्या तुला वाचून दाखवू शकली असती, पण तिला कॉम्प्युटर चालू कुठून करतात ते माहीत नाही.

मीच का, याचं तू दिलेलं कारण वाचून बरं वाटलं. "बाकी सगळे गोड बोलतील. दादा बोलणार नाही." तीस वर्षांत माझ्याबद्दल काढलेला हा तुझा पहिला चांगला उद्गार. कापून ठेवलाय.

तुला माहीत आहे, वॉशिंग मशीनच्या तक्रार विभागात सोळा वर्षं झाली मला. सकाळी टेबलावर दोनशे तक्रारी येतात, दुपारी साहेबांच्या टेबलावर एक कागद जातो. आमचा नियम एकच. कौतुक बाजूला काढायचं. मशीन छान चालतं म्हणणाऱ्याकडे माणूस पाठवावा लागत नाही. तुझ्या खेळालाही तोच नियम लावणार आहे. चालत नसेल तर दुसरा भाऊ बघ.

दादा

११ मार्च

ठमे,

आधी आत्याला सांगू दे, नाहीतर ती वाचताना मध्येच थांबून तुला छळेल. आत्या, खेळाचं नाव 'सात दारांचा डोंगर'. एक मुलगी हातात दिवा घेऊन डोंगराच्या पोटात शिरते. दिवा इकडेतिकडे नेला की सावल्या सरकतात. सावलीचा पूल होतो, सावलीची किल्ली होते. प्रत्येक दार म्हणजे एक कोडं. सात सुटली की मुलगी पलीकडच्या उजेडात बाहेर पडते. कळलं? आता पुढे वाच.

लोक काय म्हणतात:

"दुसऱ्या दाराच्या पाण्यात सावली पडते की नाही हे खेळ बनवणाऱ्यांनाच ठरवता आलेलं नाही. आम्ही घरातले तिघं बसलो, तिघंही हरलो."

"नकाशा आहे की कोणी शाई सांडली?"

"दिवा धरून मुलगी इतकी हळू चालते की पोहोचेपर्यंत कोडं काय होतं तेच विसरायला होतं."

आणि मग तिसरं दार. तिथे राखण करत बसलेल्या त्या कडीवाल्यावर तर लोक तुटून पडलेत. "चार तास झाले, तो स्टुलावर बसून आहे आणि मी उभा." "काहीही केलं तरी एकच वाक्य. माझ्या साहेबांना कोणी याच्यात घातलं?" "त्याच्या डोक्यात दिवा घालायची सोय द्या, मी पुन्हा खेळेन." बहुतेकांनी तिथेच खेळ बंद केलाय. काही जण लांबलचक निबंध लिहितात, त्यांच्या वाटेला मी जात नाही. ज्याचं खरंच बिघडलेलं असतं तो दोन ओळींत लिहितो, हा माझा अनुभव.

तू विचारलंस, सातव्या दाराबद्दल कोणी काही लिहिलंय का. नाही. कोणी नाही.

दादा

१७ मार्च

ठमे,

पुन्हा तेच विचारलंस. सातव्या दाराबद्दल कोणी काही? नाही गं बाई. आत्याने कंसात लिहिलंय की हे विचारताना तू उशीत तोंड खुपसून होतीस. तुला पालथंच पडायला सांगितलंय, मग तोंड उशीतच असणार. आत्याला उगाच नाट्य दिसतं.

दुसरा प्रश्न, मी स्वतः खेळलो का, सातव्या दारापर्यंत गेलो का. गेलो की. सगळी सात उघडली. तिसऱ्याशी जरा वेळ गेला, बाकी सरळ. सातवं दार पाहिलं. ठीक आहे.

आता माझंही एक ऐक. तो कडीवाला तीन पायांच्या स्टुलावर बसतो, डावा गुडघा हलवत राहतो, आगकाडीने नखं कोरतो, आणि मुलीने काहीही केलं की म्हणतो, "डोकं वापर, डोकं!" मला आरसा ओळखता येतो, ठमे. आमच्या विभागातल्या टायपिस्टबाईंनीसुद्धा ओळखलं. दुपारच्या सुट्टीत त्या खेळतात. परवा माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "अहो, हा तर तुमचा जुळा!" सगळं ऑफिस हसलं.

म्हणजे तू रुसलीस त्याची परतफेड ही. कशावरून रुसलीस? एका गमतीवरून! तुझ्या लोकांना खेळ पहिल्यांदा दाखवलास त्या दिवशीच्या पार्टीत मी ती सामानाच्या खोलीची गोष्ट सांगितली. घरातल्या प्रत्येक बारशा-लग्नात मी ती सांगत आलोय. तू सात वर्षांची, मी बारा. कोड्याचं उत्तर दिल्याशिवाय बाहेर यायचं नाही, असा आपला खेळ. आणि त्या दुपारी तू तीन तास आत रडत बसलीस, फ्रॉक ओला केलास, आणि कडी लावलेलीच नव्हती! नुसतं ढकलायचं होतं! लोक पोट धरधरून हसले. तुझ्या हाताखाली खेळ बनवणारा तो पोरगा, तुझा तो गोगलगाय, तेवढा हसला नाही, पण त्याला विनोद पोहोचायला दोन दिवस लागतात. तू हातातला पेला ठेवलास आणि निघून गेलीस. आठ महिने त्यावर. तीस वर्षं हसत आलीस, मग त्या दिवशीच काय झालं?

दादा

२४ मार्च

ठमे,

हा हिशोब नाही, नुसती मोजदाद आहे. चारशे बारा मतं वाचून झाली. एकशे अडुसष्ट लोकांनी कडीवाल्याला शिव्या दिल्यात. पाण्यावर सत्तावन्न, नकाशावर चाळीस, उरलेले किरकोळ. सातव्या दारावर शून्य. पुढच्या पत्रात विचारशील म्हणून आधीच सांगतो, शून्य.

आणखी थोडी चव घे:

"खेळ डोकं चालवायला आहे की डोकं फिरवायला?"

"बनवणाऱ्या बाईंना माणसांचा राग असावा."

"असला माणूस घरात नको, खेळातही नको. उडवा त्याला."

माझं मत विचारलं नाहीस, तरी देतो. उडव त्याला. आमच्याकडे एका मॉडेलचं झाकण सतत अडकायचं. इंजिनिअर म्हणायचा, झाकणात माझा जीव आहे. सहा महिन्यांनी झाकण बदललं, तक्रारी थांबल्या, आणि इंजिनिअर जिवंत आहे.

तुझी नजर यायला अजून तीन आठवडे. तोवर तिसऱ्या दारापाशी अडकलेले आणखी हजार लोक शिव्या घालून निघून जातील. तीन वर्षांचं काम एका स्टुलापायी वाया गेलं असं होईल. मी फक्त जे आहे ते सांगतोय. गोड बोलणारा हवा असता तर तू दुसऱ्याला लिहिलं असतंस.

दादा

३० मार्च

ठमे,

तुझा निरोप जसाच्या तसा गोगलगायीला दिला. कडीवाला काढायचा. तिसऱ्या दारावर साधं सावलीचं कुलूप बसवायचं. सातव्या दारामागे जे आहे ते काढून खोली रिकामी ठेवायची. शेवटचं वाक्य मला नीटसं कळलं नाही, पण निरोप्याला कळायची गरज नसते.

तो हुज्जत घालायला लागला. एरवी ज्याच्या तोंडून शब्द ओढून काढावा लागतो, तो ताडकन उभा राहिला. "ताई असं सांगणारच नाहीत. मला त्यांच्याशी बोलायचंय." मी म्हटलं, "तिला फोनवर तुमचाही आवाज नकोय. हे बघा आत्याचं अक्षर." त्याने पत्र तीनदा वाचलं. मग म्हणाला, "तुम्ही सातवं दार बघितलंत ना?" मी म्हटलं, "बघितलं. ठीक आहे." तो माझ्याकडे असा बघत राहिला, जशी मीच एखादी बिघडलेली वस्तू आहे. मग खुर्चीत बसला आणि कामाला लागला. नऊ दिवस लागतील म्हणाला.

तू एवढ्या पटकन ऐकशील असं वाटलं नव्हतं. लहानपणी कशी दात-ओठ खायचीस. तुझ्या निरोपातलं एक वाक्य आत्याने लिहून खोडलंय, पण उजेडात धरलं की वाचता येतं. "त्याने बघितलं आणि ठीक आहे म्हणाला, तर मग झालंच." यात खोडण्यासारखं काय आहे? मला तर बरं वाटलं. कधी नव्हे ते माझ्या मताला किंमत दिलीस.

दादा

१० एप्रिल

ठमे,

बदल काल बाहेर पडला. कडीवाला गेला. मतं जरा वाढलीत एवढंच. वाचतोय. ऑफिसात काम फार आहे, म्हणून पत्र आटोपतं घेतो. औषध वेळेवर घाल.

दादा

१३ एप्रिल

ठमे,

आत्या, आजचं पत्र तू आधी एकटीने वाच.

मागचं पत्र आटोपतं घेतलं कारण मला काय लिहावं ते सुचेना. बदल बाहेर पडला त्या दिवसापासून मतांचा पूर आलाय. त्यातलं एकही नकाशावर नाही. "कडीवाला कुठे आहे?" "शेवटी रिकामी खोली? ही काय थट्टा आहे?" "माझ्या आईला सातवं दार दाखवायला नेलं आणि आत काहीच नाही." मला वाटलं, लोकांना सवय मोडली की कुरकुर करायची खोड असते. झाकण बदललं तेव्हाही दोघातिघांनी केली होती.

काल दुपारी गोगलगाय माझ्या ऑफिसात आला. टायपिस्टबाईंच्या समोर माझ्या टेबलावर कागदांचा गठ्ठा आपटला. म्हणाला, "ही पहिल्या दोन आठवड्यांतली मतं. तुम्ही ताईंना यातलं एकही कळवलं नाहीत."

मी म्हटलं, "ही माझ्या यादीत नव्हती."

"काळ्या पट्टीखाली होती."

"कसली पट्टी?"

तो मटकन समोरच्या खुर्चीत बसला. मग त्याने सांगितलं ते तुला माहीतच असणार. खेळ शेवटपर्यंत नेलेली माणसं आपलं मत काळ्या पट्टीने झाकतात, दुसऱ्याची मजा जाऊ नये म्हणून. बोट लावलं की पट्टी उघडते. अर्ध्यात सोडणाऱ्याकडे झाकण्यासारखं काही नसतं, म्हणून त्याच्या शिव्या उघड्यावर असतात. मला त्या पट्ट्या दिसत होत्या, ठमे. मला वाटलं खासगी असेल. आमच्याकडे पाकिटावर खासगी लिहिलेलं असलं की आम्ही ते फोडत नाही. सोळा वर्षं नाही फोडलं.

"पण सातवं दार तुम्ही स्वतः बघितलंत ना?" गोगलगाय म्हणाला.

टायपिस्टबाई टाईप करायच्या थांबल्या होत्या. मी म्हटलं, "तिसऱ्यापुढे गेलोच नाही. नऊ तास घालवले. दारावरच्या पाचही खिट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या. नाही उघडलं."

"अहो, ते दार उघडंच असतं," तो म्हणाला. "नुसतं ढकलायचं होतं."

टायपिस्टबाई हसल्या. गोगलगाय नाही हसला. तो म्हणाला, "सातवं दार ताईंनी त्या पार्टीनंतर नवीन केलं. तुम्ही ती गोष्ट सांगितलीत ना, त्यानंतर. तिथे मुलगी बाहेर असते आणि कडीवाला आत. कडी बाहेरून, मुलीच्या हाताशी. काढायची की तसंच निघून जायचं, खेळणाऱ्याने ठरवायचं. मी विचारलं, ताई, यातलं बरोबर कुठलं? म्हणाल्या, मला ठरवता येत नाहीये. लोक काय करतात ते बघू, मग मी ठरवते."

म्हणून तू दर पत्रात विचारत होतीस.

आणखी एक कबूल करतो. "असला माणूस घरात नको, खेळातही नको," हे मत मीच लिहिलं होतं. त्याच्या आसपासची आणखी दोन माझीच. ऑफिसात हसले त्याचा राग आला होता. बाकीची एकशे पासष्ट खरी आहेत.

आत्या, तिला वाचून दाखवायचं की नाही ते तू बघ.

दादा

१६ एप्रिल

ठमे,

माझ्या कॉम्प्युटरवर नवा बदल आलेला नाही. मी ती सोयच बंद करून ठेवतो. म्हणजे तुझा पहिला खेळ माझ्याकडे अजून शाबूत आहे. आज रजा घेतली आणि सकाळी बसलो.

तिसरं दार ढकललं. उघडलं. कडीवाला पाठीमागून म्हणाला, "वापरलंस डोकं?" चौथं, पाचवं, सहावं गोगलगायीने फोनवर सांगितली तशी उघडली. सातव्यापाशी दुपारी पोहोचलो. लोखंडी कडी, मुलीच्या खांद्याइतक्या उंचीवर. आतून, गुडघा हलवताना स्टूल खडखडतं तो आवाज. आणि तो विचारतो, "आहेस का गं बाहेर?" दिवा जवळ नेला की विचारतो. लांब नेला की थोड्या वेळाने परत विचारतो. दुसरं काही म्हणत नाही.

पट्ट्या उघडून मी मतं मोजली, तुझ्यासाठी. सहाशे चाळीस लोक तिथे पोहोचले होते. पाचशे नव्वद जणांनी कडी काढली. एका बाईंनी लिहिलंय, "अर्धा तास उभी राहिले. हा माणूस मला सहन होत नाही. पण त्याला वाटत असेल की बाहेर कोणीच नाही, ते मला त्याच्याहून असह्य झालं." एकाने लिहिलंय, "मी नाही काढली, आणि आठवडाभर मला चुकल्यासारखं वाटतंय." तुझं उत्तर आलं होतं, ठमे. पहिल्या आठवड्यातच आलं होतं. मी ते झाकलेलं ठेवलं.

मी कडी काढली नाही. हात उचलेना, कारण "आहेस का बाहेर" हे त्याचं वाक्य नाही. ते तुझं आहे. सामानाच्या खोलीतून तू हेच विचारत होतीस. दादा, आहेस का बाहेर?

होतो.

तुला, आत्याला, सगळ्या घराला मी तीस वर्षं सांगत आलो की कडी लावलेली नव्हती. लावलेली होती. मी लावली आणि खेळायला गेलो. तासाभराने परत आलो तेव्हा तू आतून दार ढकलत होतीस. कडी खडखडत होती. मी बाहेर स्टूल आणून बसलो. दोन तास ऐकत बसलो. काढावीशी वाटली नाही. का, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. खरं तर सांगता येतं. मजा येत होती. मग तू ढकलायची थांबलीस, आवाज बंद झाला, तेव्हा घाबरलो. आवाज न करता कडी काढली, स्टूल जागेवर ठेवलं, लांब जाऊन ओरडलो, "अगं, ढकल की! उघडंच आहे!" तू बाहेर आलीस आणि सगळ्यांच्या आधी स्वतःलाच हसलीस. म्हणालीस, "मी किती मठ्ठ!"

तू मठ्ठ नव्हतीस. तू ढकललं होतंस. पुन्हा पुन्हा ढकललं होतंस. एवढा मोठा डोंगर उभा केलास आणि त्यात तिसरं दार उघडं ठेवलंस, मी सांगितलेलं खरं मानून. माझी थाप आहे ती, आणि ती मी तुझ्या लोकांसमोर सांगून तुला हसं केलं.

आत्या, हे पत्र तिला वाचून दाखव. यातलं काहीही गाळू नकोस. गाळायचं काम आजवर मी केलंय.

तिची पट्टी शुक्रवारी निघणार ना? मग तिच्याच हातात दे. तिला स्वतः वाचू दे.

तिला सांग, जुना खेळ माझ्याकडे आहे. गोगलगाय तो दोन दिवसांत परत बसवू शकतो. ती म्हणेल तर.

दादा

२७ एप्रिल

ठमे,

आत्याचं पाकीट आलं. आत तिची एक चिठ्ठी: पट्टी निघाली, डॉक्टर म्हणतात निम्मी नजर आली, उरलेली येणार नाही. आणि माझं सोळा तारखेचं पत्र परत. घडी जशी मी घातली होती तशीच. पहिल्या पानाच्या वर, समासात, तुझ्या अक्षरात, डोळ्यांमुळे वाकडं गेलेलं: "वाचलं. ठीक आहे."

गोगलगायीला फोन केला. तो म्हणाला, जुना खेळ परत बसवायचा नाही असं ताईंनी कळवलंय. रिकामी खोली राहू दे म्हणाल्या.

मी घडी उलगडून बघतो आणि परत घालतो. पत्राची चार पानं होती. कडीचं मी चौथ्या पानावर लिहिलंय. "ठीक आहे" कसं लिहितात ते मला माहीत आहे. आत न जाता लिहितात.

आत्या, तू तरी एवढं कळव. चौथ्या पानाबद्दल ती काही म्हणाली का?

दादा